रिकाम्या खाटेचा फोटो

आमच्या ह्यांना पुस्तकाची गोडी लागली ती हॉस्पिटलच्या खाटेवर. तोवर त्यांच्या लेखी पुस्तक म्हणजे बायकोला घरी यायला उशीर करणारी वस्तू. मी लांज्यातल्या एका वाचनालयात कामाला आहे आणि हे आसपासच्या आंब्याच्या बागांतले पाण्याचे पंप दुरुस्त करतात. करायचे, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून तिकडे वळत नाही. संध्याकाळी मोटरसायकल घेऊन मला न्यायला यायचे आणि रस्त्यातूनच हॉर्न मारायचे. ‘शांतता राखा’ ही आमच्या दारावरची पाटी आतल्या माणसांसाठी आहे, असं त्यांचं म्हणणं.

वाचनालयातली नोकरी पगारासाठी करायची नसते. माझा पगार मी माहेरीही कधी सांगितलेला नाही. पण सकाळी दार उघडलं की जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा जो वास येतो, त्या वासात माझी निम्मी हयात सुखाने गेली. सकाळी पेपर वाचायला पेन्शनर येतात. त्यातले एक काका आधी छोट्या जाहिराती वाचतात, मग निधनवार्ता, आणि मोठ्या बातम्यांना हातही लावत नाहीत. ‘त्या काय, उद्याही असतात,’ म्हणतात. दुपारी जेवणंखाणं आटपून बायका येतात. एक बाई पाककृतींचं पुस्तक नेतात, त्यातला एकेक पदार्थ करून बघतात आणि पुस्तक परत करताना सोबत डब्यात नमुना आणतात. नमुना बिघडलेला असला तर दोष लेखिकेचा. पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिणारे तर वेगळेच. एका कादंबरीत कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘पुढच्या पानावर रडू येते. घरात कोणी नसताना वाचावे.’ नियमाप्रमाणे मी ते खोडून टाकायला हवं. मी ते अजून खोडलेलं नाही, कारण सल्ला बरोबर आहे.

सरकारी आरोग्य विम्याची बातमीसुद्धा मी त्याच पेपरच्या टेबलावर वाचली. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो, आता सगळ्या कुटुंबांना विमा, मोठी ऑपरेशनं फुकट. त्या दिवशी आमच्या पेन्शनरांत जी चर्चा रंगली तिला मी गप्प केलं नाही. मलाही बरं वाटलं होतं. आमच्यासारख्यांच्या घरात मोठं दुखणं आलं की एकतर जमिनीचा तुकडा जायचा, नाहीतर माणूस. आता तसं होणार नाही, असं त्या कागदावर स्वच्छ छापलेलं होतं. मी छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवणारी बाई आहे. सगळा जन्म त्याच्यावरची धूळ झटकण्यात गेला, दुसरं काय होणार?

मग एका थंडीत ह्यांना दम लागायला लागला. आधी विहिरीच्या पायऱ्या चढताना, मग अंगणातून ओटीवर येताना. विडीकाडीचं व्यसन नाही, पिणं नाही, त्यामुळे ‘वय झालं’ एवढ्यावर आम्ही बरेच दिवस काढले. रत्नागिरीत तपासणी झाली तेव्हा कळलं की हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे. लहानपणी ह्यांचे सांधे सुजून ताप आला होता म्हणे. घरच्यांनी लेप लावला, ताप उतरला, सगळे विसरून गेले. त्या तापाने मात्र तेव्हाच आतून आपलं काम करून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, झडप बदलली की हे पुन्हा पंप उचलायला लागतील.

ऑपरेशन योजनेत बसत होतं. योजना चालणारं एक खाजगी हॉस्पिटल रत्नागिरीत होतं आणि तिथे कोल्हापूरचे सर्जन ठरावीक दिवशी यायचे. आम्ही ॲडमिट व्हायचं, हॉस्पिटल कागदपत्रं वर पाठवणार, वरून मंजुरी येणार आणि सर्जनच्या पुढच्या फेरीत ऑपरेशन होणार. ऐकायला किती सरळ! घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली.

हे ॲडमिट झाले, पण मंजुरी काही येईना. योजनेच्या काउंटरवरच्या बाई वाईट नव्हत्या. मी विचारायला गेले की संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवायच्या. त्यावर लिहिलेलं असायचं, ‘पेंडिंग’. एकदा वरून शंका आली की जुना कार्डिओग्राम पुसट दिसतो. एकदा रेशनकार्डाचं मागचं पान मागितलं. शंकेला उत्तर गेलं की पुन्हा पेंडिंग. हे ‘वर’ म्हणजे नक्की कुठे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुण्यात, मुंबईत, का नुसतंच कुठल्या मशिनीत? देव तरी बरा, त्याचं देऊळ कुठे आहे ते गावाला ठाऊक असतं.

पडून पडून हे कंटाळले. फोनवर व्हिडिओ बघून डोळे दुखले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटशी राजकारणावरून इतकं वाजलं की सिस्टरांना मध्ये पडावं लागलं. हृदयाच्या वॉर्डात हे! तेव्हा मी वाचनालयातून एक जुनी रहस्यकथा नेली. ती त्यांनी न उघडताच उशीखाली सारली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर नाकावर चष्मा ठेवून वाचताहेत आणि मला ‘बस’ म्हणायचंही भान नाही.

पुढे ते मोठ्याने वाचायला लागले, कारण त्या भांडकुदळ शेजाऱ्याचा चष्मा घरी राहिला होता आणि त्याला खुनाचं पुढे काय झालं ते समजल्यावाचून राहवेना. बघता बघता सगळा वॉर्ड कान देऊन ऐकायला लागला. ह्यांचा आवाज पंपाच्या घरघरीवर ओरडून तयार झालेला. मध्येच दम लागायचा, थांबायचे, आणि नेमके गोष्टीतलं दार उघडायच्या वेळी थांबायचे, त्यामुळे गोष्ट जास्तच रंगायची. सिस्टर इंजेक्शन द्यायला येऊन खाटेच्या कडेला टेकायच्या. देवरूखकडचा एक म्हातारा पुस्तक संपायच्या आधीच डिस्चार्ज मिळून घरी गेला. काही दिवसांनी त्याचा फोन आला, “मास्तर, शेवटी खून कोनी केलान?” माझ्या नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मास्तर म्हटलं. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके खूश दिसत नाहीत.

मी एसटीने जायचे, पिशवीत एका बाजूला डबा आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकं. वाचनालयातल्या दुपारच्या बायकांना हे कळलं तेव्हा त्यांनी पुस्तकं निवडायचं काम माझ्या हातून काढूनच घेतलं. ‘हे नको, ह्यात नायक मरतो.’ ‘हे न्या, शेवट गोड आहे, हृदयाला बरं.’ पाककृतीवाल्या बाईंनी तर बिनमिठाच्या पदार्थांचं पुस्तक शोधून काढलं आणि त्यातला नमुनाही पाठवला. तो ह्यांनी शेजाऱ्याला दिला. त्या दिवसांत मला वाटायचं, माणसाला जगायला आणखी काय लागतं? फक्त वरून ते एक उत्तर यायला हवं होतं.

असे दिवस जात असताना शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर फिरते. वर्षातून एकदा देव आपल्या दारात येतो. तेव्हा घरच्या पुरुषाने नारळ घेऊन पुढे उभं राहायचं आणि गावातल्या जाणत्याने त्याच्या नावाने देवाला गाऱ्हाणं घालायचं. एवढ्यासाठी मुंबईचे चाकरमानी रजा नसली तरी येतात, नोकरी गेली तर दुसरी बघतात. आमच्या घरात पुरुष एकच. मुलगी लग्न होऊन वसईला गेलेली.

“मी नाय तर दारात कोन उबं ऱ्हानार?” ह्यांनी खाटेवरून विचारलं.

“मी राहीन. नारळ कुणाच्या हातात आहे ते बघून देव पावतो की काय?”

“तू गप ऱ्हा गो. दुखनं आलं म्हनून देवाला दारातनं माघारी लावू? आनी यंदाच तर मागायचं हाय त्येच्याकडं.”

मी भांडले. वॉर्डातल्या माणसांसमोर भांडले, आवाज चढवून भांडले. इतके दिवस मुकाट पडून राहिलात, आणखी थोडे राहा, म्हणून हात जोडले. पण ह्यांच्या डोक्यात एकदा नट बसला की तो ह्यांच्याच पान्ह्याने सुटतो. शेवटी मी सिस्टरांना विचारायला गेले. त्या ‘नाही’ म्हणतील अशी माझी आशा होती. पण त्याही इथल्याच, त्यांच्याही दारात पालखी यायची होती. म्हणाल्या, “सकाळचं इंजेक्शन घ्या नि जा. दिवस मावळायच्या आत परत या. मोठे डॉक्टर आज नाहीतच.” कुणी काही लिहून दिलं नाही, आम्ही मागितलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी शब्दावर होतात. पालखीला जाणाऱ्याला अडवणारा माणूस मी तरी या जिल्ह्यात पाहिलेला नाही.

निघताना ह्यांनी अर्धवट राहिलेलं पुस्तक उशीवर ठेवलं. एसटीत जागा धरायला रुमाल टाकतात ना, तसं. “खाट दुसऱ्या कोनाला द्येव नका,” असं सिस्टरांना बजावलं आणि माझ्या खांद्याला धरून खाली आले.

भाड्याच्या गाडीने आम्ही गावी पोचलो. अंगण मी आदल्या दिवशीच येऊन सारवलं होतं. हे ओटीवर खुर्चीत बसून राहिले. ढोल जवळ आले तसे उठले. मला आधार देऊ देईनात. पालखी अंगणात नाचली, मग पाटावर टेकली, आणि हे नारळ घेऊन पुढे उभे राहिले. पाय थरथरत होते, पण चेहरा असा की ह्या माणसाला कसला आजारच नाही. जाणत्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! ह्यो तुजा लेकरू आज दुखन्यातनं उटून तुज्या पायाशी उबा ऱ्हायलाय. त्येच्या आपरेशनाला यश दे. सरकारदरबारी त्येचं जा काय काम अडलंय ता मोकळं कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी ओरडली.

मीसुद्धा ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला होता. बरं झालं आलो, असंच मला त्या वेळी वाटलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही वॉर्डात परत आलो. ह्यांच्या खाटेपाशी काउंटरवरच्या बाई उभ्या होत्या. दुपारी योजनेची तपासणी झाली होती. शेवटची मंजुरी द्यायच्या आधी पेशंट खरोखर बेडवर आहे का ते बघायला माणूस न कळवता येतो आणि फोटो काढून वर पाठवतो. बाईंनी मला खाली नेऊन पडद्यावर तो फोटो दाखवला. पांढरी चादर, उशी, उशीवर आमचं पुस्तक आणि पुस्तकाच्या पाठीवर माझ्या अक्षरातला नंबर. खाली शेरा होता, ‘रुग्ण उपस्थित नाही’. प्रकरण रद्द झालं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या बाईंना नको ते बोलले, त्यांचा काही दोष नसताना बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. म्हणाल्या, खोटे पेशंट दाखवून योजनेचे पैसे लाटतात, म्हणून हा नियम आला आहे. मला ते पटलं, हेच तर दुःख आहे. नियम खोट्या पेशंटासाठी केला आणि त्यात सापडला माझा खराखुरा नवरा.

‘अनुपस्थितीचे कारण लेखी द्यावे’ असं सांगण्यात आलं. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहून दिलं की ग्रामदेवतेची पालखी घरी येणार असल्याने रुग्ण काही तासांसाठी गावी गेला होता. वर बसलेल्यांत एखादा तरी कोकणातला असेल, तो हे वाचेल आणि त्याला कळेल, अशी माझी भाबडी समजूत. उत्तर आलं, ‘कारण ग्राह्य नाही. नव्याने प्रस्ताव सादर करावा.’

नव्याने म्हणजे सगळंच नव्याने. पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा रेशनकार्डाचं मागचं पान. सर्जनची एक फेरी होऊन गेली, मग आणखी एक. ह्यांचं मोठ्याने वाचणं बंद झालं. आधी एका पानानंतर थांबायचे, मग एका वाक्यानंतर. शेजारी म्हणायचा, “ऱ्हाव दे मास्तर, उद्या वाचू.” आणि एका सकाळी ह्यांच्या छातीत पाणी भरलं. ओठ निळे पडले, अतिदक्षता विभागात हलवलं. त्यातून ते वाचले. मी बाहेर बाकावर बसून होते आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, मंजुरी येऊ दे, मंजुरी येऊ दे. बाकी कुठला मंत्र मला सुचलाच नाही.

मंजुरी आली. सर्जनही आले. त्यांनी नव्याने तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाची ताकद आता फार कमी झाली आहे, ऑपरेशनच्या टेबलावरूनच ते परत यायचे नाहीत. दोन महिने आधी असतं तर गोष्ट वेगळी होती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कागद पाठवून विचारलं, तिथूनही तेच उत्तर आलं. आता ऑपरेशनला कुणाची हरकत नव्हती, फक्त ते करता येत नव्हतं.

आम्ही घरी आलो. गोळ्या आहेत, सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर. त्या योजनेत बसत नाहीत. विम्यात ऑपरेशन बसतं, ऑपरेशन न झालेल्या माणसाचं रोजचं जगणं बसत नाही. खालच्या अंगाची आंब्याची कलमं आम्ही या उन्हाळ्यात विकली. वाडीतली माणसं भेटायला येतात आणि देवाची इच्छा म्हणतात. ते ऐकलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाते, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी भलतंच निघेल. मुलगी फोनवर रडते आणि विचारते, तू बाबांना सोडलंसच कशाला? मी सोडलं नव्हतं गं, मी भांडले होते. पण भांडून उपयोग काय झाला?

एकदा मला राहवलं नाही. भात वाढता वाढता मी ह्यांना म्हटलंच, “एक दिवस पडून राहिला असतात तर आज पंप उचलत असतात.”

त्यांनी ताटाच्या कडेचा भात बोटांनी आत ओढला. मग म्हणाले, “तुजं बरोबर हाय.”

मला वाटलं होतं ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. माझा नवरा माझ्याशी भांडत नाही, हे मला सहन होत नाही. त्या रागाचं आता मी काय करू? तो देवावर काढून झाला, सरकारवर काढून झाला, आणि तरी तो तसाच आहे. मला कसलीही आशा उरलेली नाही. हे मी कुणाला सांगत नाही, इथेच लिहितेय.

वाचनालयात जाते. तेवढे तास बरे जातात. पेन्शनर काका छोट्या जाहिराती वाचतात, बायका पुस्तकं उलटीपालटी करतात आणि ह्यांची चौकशी करतात. मी ‘आहेत तसेच’ म्हणते. हे आता मनातल्या मनात वाचतात, ओटीवर पाठीला उश्या लावून, आणि वाचता वाचता डुलकी लागते. देवरूखच्या म्हाताऱ्याचा अधूनमधून फोन येतो. त्याला ह्यांनी तब्येतीचं खरं सांगितलेलं नाही.

परवा वाचनालयात एक नवीन कादंबरी आली. पेपरात तिच्याबद्दल चांगलं लिहून आलं होतं, दुपारच्या बायकांनी आधीच नंबर लावले होते. मी सगळ्यांचे नंबर डावलून ती आधी घरी नेली. एवढी चैन या नोकरीत करता येते. भरपूर जाडजूड पुस्तक, कोऱ्या कागदाचा वास येणारं. ह्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, उघडलं ते शेवटून. शेवटच्या पानावरचा आकडा बघितला. मग पुस्तक मिटून माझ्या बाजूला सरकवलं.

“ह्ये तू वाच,” म्हणाले. “माज्यासाटी येक बारकासा आन.”

“अहो, छान आहे म्हणतात. हळूहळू वाचा, कुणी परत मागणार नाही.”

“बारकासाच आन गो,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गोष्टींच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी लोकांना पुस्तकं काढून देते आहे. कुणी नाव विसरतं, कुणी लेखक विसरतं, कुणाला नुसता मुखपृष्ठाचा रंग आठवतो, तरी मी बरोबर पुस्तक हातात ठेवते. त्या दिवशी मी एकेक पुस्तक बाहेर काढत होते आणि बोटांनी त्याची जाडी मापून परत ठेवत होते. किती पानांचं न्यावं, ते मला कळेना.